खोट्या हजेरीचे वहीपूजन

'उमेदवार' या शब्दाची आपण फार दुर्दशा करून टाकली आहे. आज हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो हात जोडून भिंतीवर चिकटलेला आणि निवडणुकीपुरता हसरा झालेला गृहस्थ. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी उमेदवार म्हणजे कचेरीत किंवा पेढीवर बिनपगारी, अगर नाममात्र पगारावर, काम शिकावयास बसलेला पोरगा. उमेद एवढीच त्याची मिळकत. हिशेबाचा धंदा या देशात शेकडो वर्षे असाच शिकला गेला. आज तो धंदा सी. ए. अशी झगझगीत पाटी लावून बसला आहे, तरीही त्याची जुनी अट सुटलेली नाही. परीक्षा तर द्यावयाचीच. पण कोणाच्या तरी हाताखाली बसून काम केल्यावाचून नावापुढे ती दोन अक्षरे लागत नाहीत. या उमेदवारीला आता आर्टिकलशिप म्हणतात. माझे म्हणणे असे की, वाचकहो, काही आईबाप आणि काही साहेब यांनी संगनमत करून ही अट खोटी पाडण्याचा धंदा चालविला आहे. आणि तोही लक्ष्मीपूजनाच्या रात्री वहीवर हळदकुंकू वाहणाऱ्या हातांनी.

मी सी. ए. नाही. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. शाळेत पोरांना त्रैराशिक शिकवितो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. म्हणजे सकाळी हिशेब आणि रात्री बेहिशेब. तेव्हा या विषयात तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार इतकाच, की माझ्या वर्गातून गेलेली काही पोरे या वाटेला लागली, आणि दिवाळीला गावी आली की फराळाच्या ताटावर ती जे सांगतात ते मी कान देऊन ऐकतो.

आमचा बुलडाणा जिल्हा हिशेबाच्या बाबतीत अडाणी नव्हे. खामगाव ही कापसाची पेठ. ती एवढी मोठी, की १८७० साली जलंबपासून तिच्यापर्यंत रेल्वेचा खास फाटा टाकण्यात आला, आणि तो उघडण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. जिथे कापूस तिथे जिन, जिथे जिन तिथे आडत, आणि जिथे आडत तिथे मुनीम आलाच. पेढीवर पोरगा ठेवला की त्याच्या हाती लगेच वही येत नसे. गादी झाडावी, दौतीत शाई घालावी, बाजारातून भाव विचारून यावे. मग कच्ची कीर्द, म्हणजे दिवसभरात जे आले-गेले ते जसेच्या तसे टिपणे. त्यानंतर पक्की कीर्द. त्यानंतर खतावणी, कीर्दीतली प्रत्येक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर नावे किंवा जमा मांडावयाची. रोकड सर्वांत शेवटी. संध्याकाळी गल्ला मोजून वहीतल्या शिलकेशी ताडून पाहावयाचा, आणि एका आण्याचा जरी फरक पडला तरी दिवा मालवावयाचा नाही. मुनीम शिकवीत असे असे म्हणता येणार नाही. तो खेकसत असे. पण खेकसण्यासाठी का होईना, त्याला पोराची वही पाहावी लागे.

या पेढ्यांविषयी गहिवरून लिहिणारे लोक पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. ती शाळा सर्वांची नव्हती. कुणब्याच्या, माळ्याच्या, दलिताच्या पोराला त्या गादीवर जागा नव्हती. त्यांच्या बापांची नावे त्या वहीत जरूर होती. पण नावे बाजूला. म्हणूनच परीक्षेने उघडलेली आजची वाट मला मोलाची वाटते. बारावी झालेल्या कोणत्याही पोराने, पोरीने यावे, पहिली परीक्षा उतरावी, मधली उतरावी, आणि कोणाची जात, कोणाचा वशिला न विचारता दोन वर्षांच्या उमेदवारीला बसावे. डॉक्टरकीला आणि इंजिनियरिंगला जी शेते विकावी लागतात ती येथे विकावी लागत नाहीत. मेहकर-लोणारकडच्या चार एकर कोरडवाहूच्या घरातून वर चढावयाला एवढी उंच आणि एवढी स्वस्त शिडी दुसरी मला तरी दिसत नाही. तिचाच मधला दांडा कोणी कापीत असेल तर मास्तराने गप्प कसे बसावे?

हा मधला दांडा म्हणजे उमेदवारी. आणि तिचे मोल काय, हे आपल्याला कीर्तनकारांनी फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. नाथांची ती गोष्ट ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात विरळा. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असलेल्या एकनाथांकडे जमाखर्चाचे काम होते. एके रात्री एका पैचा मेळ बसेना. नाथ दिवा लावून वह्या उलथीत बसले. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. ती ऐकून स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद. मग संसाराची चूक सापडेल तेव्हा केवढा होईल! कीर्तनकार येथून परमार्थाकडे वळतात. मी मास्तर असल्यामुळे त्या टाळीपाशीच थांबतो. स्वामींनी शिष्याला लुटुपुटूचे गणित घातले नव्हते. खरा जमाखर्च त्याच्या हाती दिला होता. हरवलेली पै खरी होती. आणि टाळी वाजली तेव्हा गुरू ती ऐकू जाईल इतक्या जवळ होता. हिशेबाचे शिक्षण म्हणजे एवढेच. आणि त्यातले एकही कमी करून चालत नाही. नाना फडणीस १७५६ साली, वडील वारल्यावर, अवघ्या चौदाव्या वर्षी फडणिशीवर आला. ते पोर राज्याचा जमाखर्च शिकले ते फडात बसून, कागद हाताळून.

इंग्रजांनी याच गोष्टीला करारनाम्याचे रूप दिले. त्यांच्याकडचा आर्टिकल्ड क्लार्क पाच-पाच वर्षे बांधलेला असे, आणि पगार मिळणे दूरच, पोराचा बापच धन्याला प्रीमियम म्हणून रक्कम मोजी. आपल्याकडे १९१३ साली कंपनी कायदा झाला, त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले, आणि १९१८ पासून मुंबईत हिशेबनिसीचा सरकारी डिप्लोमा सुरू झाला. त्या डिप्लोमाच्या वाटेने १९३३ साली मद्रासच्या आर. शिवभोगम् ही पहिली बाई गेली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा आला, त्या वर्षी १ जुलैला इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स स्थापन झाली, आणि साहेबाच्या हाताखालची उमेदवारी कायम राहिली. तिचा काळ पुढे कमी-जास्त होत गेला. तीन वर्षांवर पुष्कळ दिवस स्थिरावला. आणि जुलै २०२३ पासून तो दोन वर्षांवर आणला गेला, वर शेवटच्या परीक्षेपूर्वी केवळ अभ्यासासाठी सहा महिने दिले. या काटछाटीबद्दल काही जुने लोक फार हळहळतात. मी हळहळत नाही. तीन खोट्या वर्षांपेक्षा दोन खरी वर्षे केव्हाही बरी. प्रश्न ती खरी आहेत का हा आहे.

ती खोटी कशी होतात ते आता ऐका. सुखवस्तू बाप साहेबाकडे जातो आणि म्हणतो, "साहेब, पोराले नावाले ठेवून घ्या, थो तिकडं पुण्याले क्लास करते." साहेब नावाला ठेवून घेतो. करारावर सह्या होतात. हजेरीपटावर पोरगा रोज हजर असतो. देहाने तो दुसऱ्याच शहरात क्लासच्या बाकावर असतो. नियमाप्रमाणे स्टायपेंड त्याच्या बँकखात्यावर जमा होते आणि रोखीने साहेबाच्या टेबलावर परत येते. दोन वर्षे भरली की पूर्णत्वाचा दाखला मिळतो. याला त्या धंद्यात 'डमी' म्हणतात, आणि हा शब्द लोक चहा पिता पिता, आवाजही न उतरविता उच्चारतात. इन्स्टिट्यूटच्या नियमाने हे उघड गैरवर्तन आहे. पण नियमाचे राहू द्या. ज्या मुलाचे आयुष्यभराचे काम दुसऱ्याची नोंद खरी की खोटी हे पाहून सही करण्याचे, त्याच्या धंद्यातली पहिलीच नोंद खोटी! आणि ती करावयास त्याला शिकविणारे कोण? जन्मदाता बाप आणि दीक्षा देणारा गुरू. हा मुलगा पुढे कोणत्या तोंडाने एखाद्या दुकानदाराला विचारणार, की हे व्हाउचर कुठले?

कोणी म्हणेल, मास्तर, एवढ्याशा गोष्टीचे केवढे अवडंबर! पोर हुशार आहे, परीक्षा उतरले, मग ऑफिसात चार फायली कमी पाहिल्या तर काय बिघडले? काय बिघडते ते सांगतो. बँकेतली शिल्लक तपासावयाची कशी, हे खऱ्या उमेदवाराला पहिल्या काही महिन्यांतच कळते. कंपनीने दाखविलेला कागद मुकाट्याने धरावयाचा नाही. बँकेला आपण लिहावयाचे, आणि बँकेचे उत्तर थेट आपल्या पत्त्यावर आले पाहिजे. पुस्तकात हे अर्ध्या ओळीचे काम. ऑफिसात ते दहा हेलपाट्यांचे, बँकेतल्या कारकुनाशी गोड बोलण्याचे, आणि "अहो, आम्ही देतो ना कागद, तुम्ही कशाला त्रास घेता" असे म्हणणाऱ्या मालकाकडे हसून दुर्लक्ष करण्याचे काम असते. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीचा अध्यक्ष रामलिंग राजू याने स्वतः पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदात दाखविलेल्या रोख आणि बँकशिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये मुळी नव्हतेच. त्या ताळेबंदांवर हिशेबतपासनिसांच्या सह्या होत्या. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा एका बांधकाम कंपनीची बुडित कर्जे २१,०४९ बनावट खात्यांच्या आड झाकली होती असे बाहेर आले. दारापुढे रांगेत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यांची चित्रे आपण सर्वांनी पाहिली. त्या दोन्ही ठिकाणी तपासणारे लोक नावाला ठेवलेले उमेदवार होते, असे मी म्हणत नाही. त्यांच्या शिक्षणाची मला माहिती नाही आणि तसा आरोप करणे अन्यायाचे होईल. मी एवढेच म्हणतो की पुरे शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांतही जिथे धूळ जाते, तिथे न शिकलेल्याला डोळेच उरत नाहीत. आपल्या आईची ठेव ज्या पतसंस्थेत आहे तिचा ताळेबंद उद्या कोणी तपासावा, क्लासच्या बाकावरच्या माणसाने की वह्या चाळलेल्या माणसाने, याचा विचार त्या हुशार पोराच्या बापानेही एकदा करावा.

आता साहेबांकडे वळू. कारण सगळे पाप बापांच्या माथी मारणे सोपे आहे, आणि मला ते मान्य नाही. पोरगा खरोखर ऑफिसात येऊन बसला तर त्याला मिळते काय? ज्या गावाची वस्ती चार लाखांच्या आत, म्हणजे आमच्या जिल्ह्यातले कोणतेही गाव घ्या, तेथे जुलै २०२३ पूर्वी पहिल्या वर्षाचे किमान स्टायपेंड होते महिना १,००० रुपये. वीस लाखांवरच्या शहरात २,०००. २०२३ साली हे दर दुप्पट केले, आणि दुप्पट हा शब्द कानाला मोठा गोड लागतो. पण हजाराची दुप्पट किती होते हे माझ्या चौथीतल्या पोरालाही सांगता येते. याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवतो. राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तीत बारावी झालेल्या प्रशिक्षणार्थ्याला महिना ६,००० रुपये आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरविले. म्हणजे सरकारी कचेरीत सहा महिने फायली हलविणाऱ्या पदवीधराला दहा हजार, आणि सी. ए.ची मधली अवघड परीक्षा उतरून आलेल्या लहान गावातल्या पोराला कायद्याने हमी दोन हजारांची! मुंबईच्या बड्या पेढ्या याहून पुष्कळ अधिक देतात हे खरे. पण त्यांची दारे अरुंद, आणि मुंबईत राहावयाचे कुठे?

साहेब म्हणतात, "मी त्याला विद्या देतो, वर पैसेही द्यावेत काय?" मोठा साळसूद प्रश्न आहे. पण हा पोरगा अशिलाच्या दुकानात आठ दिवस बसून व्हाउचरे तपासून आला, की त्या आठ दिवसांचे बिल अशिलाला जाते. ते बिल विद्येच्या नावाने फाटत नाही. आमच्याकडे शेतकरी सालगडी ठेवतो, तोही पाडव्याला साल ठरवितो, धान्य किती, रोख किती, हे चार माणसांत बोलतो; आणि सालगडी काम शिकतो आहे म्हणून त्याचे साल कापीत नाही. इंग्लंडात, जिथून हा करारनामा आला, तिथे आता प्रीमियमही गेला आणि फुकटची चाकरीही गेली. तिथल्या हिशेबनिसीच्या उमेदवाराला आता किमान वेतनाचा कायदा लागू आहे. आपल्याकडे कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' म्हटले. या साहेबांचे म्हणणे 'शिका, आणि कमावू नका'. आणि काही ठिकाणी तर शिकूही नका. दोन वर्षे जीएसटीचे आकडे टॅलीत भरीत बसलेली, आणि एकदाही कोणाचा माल मोजावयास किंवा गल्ला पाहावयास न गेलेली पोरे मला भेटली आहेत. साहेबाची मुलगी शाळेतून आणण्याचे काम मात्र त्यांना बिनचूक येत होते.

तेव्हा होते असे, की ज्याच्या घरी पैसा आहे तो उमेदवारी विकत घेतो, आणि ज्याच्या घरी पैसा नाही तो खरी उमेदवारी करतो आणि उपाशी करतो. माझा एक विद्यार्थी, शेतमजुराचा मुलगा, मधली परीक्षा पहिल्या फटक्यात उतरला आणि मोठ्या शहरातल्या एका ऑफिसात लागला. खाटेचे भाडे आणि डब्याचे पैसे यांच्यापुढे स्टायपेंड अर्धेही पुरेना. रात्री एका औषधाच्या दुकानात वह्या लिहू लागला. कळल्यावर साहेबाने नियमावर बोट ठेवले, परवानगीवाचून दुसरी नोकरी करता येत नाही. नियम बरोबर होता. त्याच ऑफिसात नावाला ठेवलेली दोन पोरे होती; त्यांच्या बाबतीत तेच बोट वर उचलले गेले नाही. सात महिन्यांनी मुलगा गावी परत आला. आता तो एका कृषी केंद्रात बिले लिहितो, फार सुबक लिहितो.

दुसरी बाजूही सांगतो. परीक्षा कठीण आहे. शेवटच्या परीक्षेत दोन्ही गट एकदम उतरणारे बहुधा शंभरात दहा ते वीस. दिवसभर ऑफिसात खपून रात्री पुस्तक उघडणाऱ्या मुलाची दया येणे साहजिक आहे, आणि बापाच्या पोटात कालवते हेही मी समजू शकतो. पण त्यावर तोड म्हणून अभ्यासाचे सहा महिने वेगळे काढून दिले आहेतच. आणि जी मुले परीक्षेच्या नावाखाली दोन वर्षे ऑफिस टाळतात, ती उत्तरपत्रिकेत 'ताळेबंदाची तपासणी कशी कराल' याचे उत्तर पाठ करून लिहितात. पोहण्यावर निबंध लिहिल्यासारखे ते असते. नदीत उतरल्यावर निबंध उपयोगी पडत नाही.

आणि एवढा पुण्या-मुंबईचा अट्टाहास तरी का? खामगाव, मलकापूर, चिखली, बुलडाणा येथे काम नाही काय? जिन आहेत, डाळीच्या गिरण्या आहेत, बाजार समित्या आहेत, सराफा आहे. पतसंस्था तर इतक्या, की १९८६ साली बुलडाण्यात निघालेल्या बुलडाणा अर्बनने पुढे राज्याबाहेरही शाखा काढल्या. मोठ्या शहरात उमेदवाराच्या वाट्याला एखाद्या अवाढव्य कंपनीच्या खर्चाचा एखादाच कोपरा येतो. तोच सहा महिने पुसत बसावयाचे. येथे त्याला एका आडत्याची कीर्द पहिल्या पानापासून ताळेबंदापर्यंत एकट्याने पाहावयास मिळेल, आणि संध्याकाळी घरची भाकरी मिळेल. लहान गावातला साहेब स्वतः श्रीमंत नसतो, त्याला पाच-सहा हजार जड जातात, हे मला मान्य आहे. मग जिल्ह्यातल्या बँका, पतसंस्था, बाजार समित्या दरवर्षी सत्कारांवर, कमानींवर आणि शालींवर जो खर्च करतात त्यातून दहा-वीस उमेदवारांचे जेवणखाण का निघू नये? ज्या पतसंस्थेला प्रामाणिक तपासनीस हवा आहे तिने तो तयार होण्याचा खर्च सोसावा यात धर्मादाय कसला? आणि ज्या संस्थेला तो नको असेल तिच्यात ठेव ठेवू नये.

या दिवाळीत तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी मधली परीक्षा उतरलेला मुलगा किंवा मुलगी असेल, आणि करारावर सही कोणाकडे करावयाची याची बोलणी फराळाबरोबर चालली असतील. साहेबाकडे जाल तेव्हा नाव केवढे, ऑफिस कोणत्या मजल्यावर, हे विचारू नका. विचारा, की पहिल्या महिन्यात याला कोणत्या दुकानात पाठवाल, त्याची चूक सापडली तर रात्री त्याच्याबरोबर कोण बसेल, आणि महिन्याला काय द्याल. साहेब म्हणाला, "येण्याची गरज नाही, दाखला मिळून जाईल," तर पेढ्यांचा पुडा उचला आणि दुसऱ्या साहेबाचा पत्ता विचारीत बाहेर पडा. खामगावात मिळेल, अकोल्यात मिळेल. दोन दिवस हिंडावे लागेल इतकेच.